प्राचीन प्रवाशाचा पत्ता

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे धाकटे मालक, ज्यांना मी शाईत हात बुडवून भिंतीवर पंजे उमटवताना पाहिलंय आणि तरीही आज मनापासून 'सन्माननीय' म्हणतो. प्रमुख पाहुणे, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक महोदय. संपादन विभागातली विद्वान मंडळी. बांधणी विभागातल्या माझ्या भगिनी. यंत्राच्या आवाजात आयुष्य काढल्यामुळे निम्मं भाषण ज्यांना ऐकूच जाणार नाही ते माझे भाग्यवान मित्र. आणि पहिल्या रांगेत माझा चष्मा स्वतःच्या पर्समध्ये घालून बसलेली माझी बायको, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

चष्म्याचा खुलासा आधी करतो. मी चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. मुद्रितशोधकाचं भाषण, त्यामुळे त्यात एकही चूक नव्हती. आणि एकही खरी गोष्ट नव्हती. आज सकाळी हिनं ते वाचलं, माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि म्हणाली, "आता बोला." तेव्हा बोलतो. वेडंवाकडं होईल, सांभाळून घ्या.

मी या छापखान्यात आलो त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. सातवी नापास होतो. शाळेनं माझ्यापुढे हात टेकले होते. इथं मला खिळे जुळवायला बसवलं. आता तरुण मुलांना सांगावं लागतं, की तेव्हा शिशाचं एकेक अक्षर बोटानं उचलून ओळ तयार करायची असे आणि ती अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी असत. त्यामुळे मी उलटं वाचायला आधी शिकलो आणि सुलटं नंतर. माझ्या स्वभावातल्या बऱ्याच गोष्टींचा उगम तिथंच असावा, असं घरच्यांचं मत आहे. पुढे शिसं गेलं, संगणक आला, आणि जुळारी होतो तो मी मुद्रितशोधक झालो. म्हणजे आधी स्वतः चुका करायचो, मग दुसऱ्यांच्या शोधायला लागलो. बढती म्हणतात ती हीच.

असो. मघाशी प्राध्यापक सरांनी आपल्या भाषणाची सुरुवात एका वचनानं केली. "इथले डोंगर वाट अडवतात, माणसं वाट दाखवतात." किती टाळ्या पडल्या! आणि हे स्मृतिचिन्ह तुम्ही मला दिलंत, चांगलं जड पितळेचं आहे, त्यावरही तेच कोरलंय. खाली लिहिलंय, 'एक प्राचीन प्रवासी'. हेच का कोरलं, तर सूत्रसंचालकांनी सांगितलं, की हे वचन कुणी उच्चारलं की आमचे काका भारावतात, त्यांचा चेहरा लाल होतो आणि ते उठून बाहेर जातात.

मंडळी, मी भारावत नव्हतो. मी पळत होतो.

कारण तो प्राचीन प्रवासी कधी जन्मालाच आला नाही. तो मी याच इमारतीत, मागच्या खोलीत, एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी जन्माला घातला.

बाई, उभ्या का राहिलात? बसा, बसा. अजून पुष्कळ बाकी आहे. मालक, पाणी नको, मला घोट घेण्याचं निमित्त देऊ नका. थांबलो तर पुन्हा सुरू व्हायचा नाही.

आपल्या छापखान्याची रोजनिशी तुम्ही सगळेच वापरता. प्रत्येक पानाच्या तळाशी एक वचन, आपल्या देशाविषयी, इथल्या मातीविषयी, माणसांविषयी. ही कल्पना थोरल्या मालकांची. आपल्या देशाबद्दल कोण काय म्हणून गेलं हे जमवायचं त्यांना वेड होतं. कुणी म्हणून गेलं, "या देशात पाऊस उशिरा येतो आणि पाहुणे लवकर." कुणी म्हणालं, "हा देश नकाशावर तळहाताएवढा दिसतो, चालायला लागलं की आयुष्य पुरत नाही." एक सर्वेक्षण अधिकारी लिहून गेला, "इथली जमीन खडकाळ आहे, पण तिच्यावर बसलेला माणूस तिला गादी म्हणतो." थोरले मालक अशी वचनं जांभळ्या पेन्सिलीनं चिठ्ठ्यांवर उतरवायचे, खाली म्हणणाऱ्याचं नाव. आणि त्यांचा एक नियम होता. म्हणायचे, "पहिल्या आठवड्यात देशाबद्दल बोलतो तो पाहुणा. वर्ष काढून बोलतो तो शेजारी. वचन शेजाऱ्याचं घ्यावं. पाहुणा काय, जेवला की तारीफच करतो."

हा नियम लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

तर त्या वर्षी रोजनिशीचा शेवटचा फर्मा राहिला होता. फर्मा म्हणजे जुळवलेली पानं लोखंडी चौकटीत घट्ट आवळून ठेवतात ते. एखादी ओळ सैल राहिली तर खिळे हलतात, म्हणून आम्ही जुळारी लोक कागदाची घडी करून फटीत सारायचो. हाताला लागेल तो कागद. ही आमची खोड. त्या दिवशीही मी तेच केलं. पक्की घडी घातली, फटीत ठोकली, कच्चं मुद्रित काढलं, आणि सगळा फर्मा रॉकेलनं स्वच्छ पुसला. मग नऊ ऑक्टोबरच्या पानाची चिठ्ठी शोधायला लागलो, कारण त्या पानाचं वचन तेवढं जुळवायचं होतं.

आलं लक्षात? बांधणीतल्या भगिनींच्या आलं, त्या हसताहेत. घडी उपसून काढली तेव्हा हातात राहिला तो शाई आणि रॉकेल प्यालेला काळा चोथा. जांभळ्या पेन्सिलीचं एक अक्षर शिल्लक नव्हतं.

थोरले मालक सासुरवाडीला गेलेले. तिथं फोन नाही. यंत्र उभं. आणि यंत्रावर आमचा गडगड्या. ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना सांगतो, यंत्र बंद असलं तरी त्याच्या आवाजानं चालू आहे असं वाटायचं.

"अरे, एका ओळीसाठी यंत्र खोळंबवतोस? लिही काहीतरी!"

"काहीतरी कसं लिहू? वचन पाहिजे."

"मग 'खोटं बोलू नये' असं लिही!"

"देशाबद्दल पाहिजे रे बाबा."

"मग 'या देशात खोटं बोलू नये' असं लिही आणि आण इकडे!"

त्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी खिळ्यांच्या खणांपुढे उभा राहिलो, आणि काय झालं मला कळलं नाही, हात आपोआप चालायला लागला. 'इथले डोंगर वाट अडवतात, माणसं वाट दाखवतात.' ओळ पुरी झाली. कुठून आली, मला ठाऊक नाही. मी स्वतःशीच म्हटलं, अरे, सातवी नापास आहेस, हे काय करून बसलास!

सर, इथं आपली क्षमा मागायला हवी. आपण या वचनावर अकरा पानांचा लेख लिहिलात. मीच त्याचं मुद्रित तपासलं, घाम पुसत पुसत. त्यात एक सबंध भाग आहे, की प्रवाशानं 'पर्वत' हा भारदस्त शब्द टाळून 'डोंगर' असा घरगुती शब्द का योजला असावा. सर, रफाराचे खिळे संपले होते. सगळे आधीच्या पानांत गुंतले होते. आणि तो प्रवासी 'प्राचीन' का, यावरही आपण दीड पान लिहिलंत. आधी मी नुसतं 'एक प्रवासी' जुळवलं होतं. ते फारच तोकडं दिसायला लागलं. एक शब्द हवा होता, तेवढ्याच रुंदीचा. म्हणून तो बिचारा प्राचीन झाला.

सर हसताहेत. देवाची कृपा. मला वाटलं होतं, उठून जातील.

पण मंडळी, इथवर हसण्यासारखं आहे, पुढचं नाही. थोरले मालक परत आले. छापलेलं पान बघून हरखले. म्हणाले, "वा! ही चिठ्ठी मी लिहिली होती? मला आठवत कशी नाही?"

मी म्हणालो, "हो, तुमचीच."

एवढंच बोललो. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्या 'वा'चीही भूल पडली होती. पण त्या दिवसापासून तो माणूस प्रवाशाला शोधायला लागला. कुठल्या वहीत उतरवलं होतं, कुठल्या पुस्तकातून घेतलं होतं. कपाटं उपसली. मला म्हणायचे, "अलीकडे विसरायला होतंय रे." आणि मी मान खाली घालून खिळे जुळवत राहायचो. अखेरच्या आजारपणात भेटायला गेलो तेव्हाही त्यांनी विचारलं, "ती वही सापडली का रे?" मी म्हणालो, "शोधतोय, मालक." त्यांची आठवण शेवटपर्यंत ठणठणीत होती. त्यांना ती शंका मी लावली. अध्यक्षमहोदय, ही गोष्ट मी तुमच्या वडिलांना सांगायला हवी होती. उशीर झाला. आज तुम्हाला सांगतो. ती वही कधी नव्हतीच. त्यांनी काहीही हरवलं नव्हतं.

इकडे वचन मात्र उंडारायला लागलं. शाळांच्या भिंतींवर गेलं, निबंधस्पर्धेचा विषय झालं. ज्या डोंगराला बोगदा पाडून वाट केली त्याच बोगद्याच्या तोंडावर दगडात कोरलं गेलं, म्हणजे डोंगराला केवढं वाईट वाटलं असेल बघा. दरवर्षी वाटायचं, सांगून टाकावं. आणि दरवर्षी ते आणखी मोठं झालेलं असायचं. मागच्या वर्षी दरड कोसळून दोनशे माणसं रस्त्यात अडकली, वरच्या गावातल्या लोकांनी अंधारात खाली येऊन एकेकाला हाताला धरून आपापल्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा मथळा हाच. त्या सकाळी मी ठरवलं, आता मेलो तरी सांगायचं नाही. लोकांनी ज्याला धरून चालायचं ती काठी पोकळ आहे, हे कोणत्या तोंडानं सांगू?

मग आमच्या संपादकबाई आल्या. या इथं, मघाशी उभ्या राहिल्या होत्या त्या. मी त्यांना पोरीच म्हणतो, त्या मला काका म्हणतात. छापखान्याचा मोठा ग्रंथ निघतोय, देशाविषयीची तीनशे वचनं, प्रत्येकाखाली कोण, कधी, कुठं म्हणालं याचा पक्का पत्ता. या पोरीचं हे पहिलं पुस्तक. आठ महिने ती खपतेय. मंगळवारी माझ्या टेबलाशी आली.

"काका, पुढच्या गुरुवारी निघतेय. बारा दिवस. परदेशातल्या त्या ग्रंथालयात जुन्या प्रवाशांची हस्तलिखितं आहेत."

"एका ओळीसाठी एवढ्या लांब?"

"एका ओळीसाठीच. दोनशे नव्याण्णव वचनांचे पत्ते लागले. याचा नाही लागला तर नियमाप्रमाणे वगळावं लागेल. आणि हेच वगळलं तर लोक म्हणतील, बाईनं पुस्तक केलं आणि कणाच काढून टाकला."

"आणि आईचं डोळ्याचं ऑपरेशन? त्याच गुरुवारी होतं ना?"

"पुढं ढकललं. आई म्हणाली, तुझा प्रवासी आधी सापडू दे, मग डोळे उघडून तुम्हा दोघांनाही एकदम बघेन."

ती हसली आणि गेली. मी प्रूफ समोर घेऊन बसलो, ओळ दिसेना. एका माणसाला मी मरेपर्यंत शोधायला लावलं होतं. आता दुसरं माणूस निघालं होतं, आणि तेही आईला अंधारात ठेवून. एखाद्या ओळीत काना राहिला तर ज्याचा जेवणात जीव लागत नाही, त्या माणसानं हे चालू द्यायचं? तेव्हाच ठरवलं. पण ठरवणं वेगळं आणि बोलणं वेगळं. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी मी हे गुळगुळीत चार पानी भाषण लिहिलं.

आज सकाळी ही माझा सदरा इस्त्री करत होती. मी म्हटलं, निदान हिला तरी सांगावं.

"ऐक. ते डोंगराचं वचन आहे ना, ते कुणा प्रवाशाचं नाही. ते मी रचलंय."

इस्त्री थांबली. "तुम्ही?"

"हो. मीच."

"तुम्ही कुठं रचलंत? ते मी म्हटलं होतं."

मंडळी, मी खुर्चीत बसलो. सदऱ्याची बाही थोडी पिवळी झालीय, इथून दिसत नसेल, पण ती त्याच क्षणाची खूण आहे.

छत्तीस वर्षांपूर्वी मी शाळेच्या पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन एका डोंगरावरच्या गावी निघालो होतो. गाडी खालीच बंद पडली. चालत निघालो, तीनदा वाट चुकलो. एका बुटाचा तळ सुटला, तो बूट हातात. तेवढ्यात समोरून एक मुलगी आली, डोक्यावर गवताचा भारा. मी तिच्यावरच चिडलो. "काय हे तुमचे डोंगर! जावं तिथं वाट अडवून उभे!"

ती म्हणाली, "डोंगरांनी अडवली म्हणून काय झालं? माणसं आहेत ना दाखवायला."

आणि डोक्यावर भारा तसाच ठेवून, माझा एक गठ्ठा काखेत मारून तासभर माझ्यापुढे चालली. शाळेच्या दारात गठ्ठा टेकवला आणि म्हणाली, "बूट पायात घाला आता, पोरं हसतील." वर्षभरानं मी तिच्याशी लग्न केलं. वाट दाखवणारं माणूस एकदा भेटलं की सोडू नये, एवढी अक्कल सातवी नापासालाही असते.

मला बूट आठवत होता. गवताचा वास आठवत होता. गठ्ठ्यात भूगोलाची पुस्तकं होती, सर, हेसुद्धा आठवत होतं. पण बोलणं साफ विसरलो होतो. डोक्यानं विसरलो होतो, बोटं विसरली नव्हती. त्या दुपारी खणांतून त्यांनी तेच उचललं.

मी म्हटलं, "अगं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक तुम्ही घातलंय ते! मला वाटलं, माझ्याआधी कुणी शहाणा म्हणून गेला असेल. आपण बोलतो ते कुणी ना कुणी आधी बोललेलंच असतं." मग इस्त्री उचलून पुन्हा फिरवायला लागली आणि म्हणाली, "आणि प्राचीन म्हणता काय हो मला?"

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. एकतीस वर्षं मी छातीवर धोंडा घेऊन फिरत होतो, आणि धोंड्याखाली बघतो तर काय, गवताचा भारा! मी रचलं म्हणून शरमत होतो, ते मी रचलेलंच नव्हतं. धड कवीही ठरलो नाही. जुळारी होतो, जुळारीच निघालो. दुसऱ्याचे शब्द ओळीत लावले, एवढंच. आणि नाव चुकवलं. नाव चुकवलं, आणि एका भल्या माणसाला त्याच्याच आठवणीबद्दल शंका घ्यायला लावली, हा दोष माझा, तो इस्त्रीनं जात नाही.

पण बघा, थोरल्या मालकांचा नियम होता, वचन शेजाऱ्याचं घ्यावं. ही तर शेजारीणही नव्हे, घरचीच. डोंगरातच जन्मली, डोंगरातच वाढली. आणि मला आज वाटतं, आपल्या देशाचं सगळं गुपित त्या दोन वाक्यांत आहे. पहिलं वाक्य माझं होतं, म्हणजे कुरकूर. ती आपल्याला चांगली जमते. दुसरं तिचं. आपल्याकडे कुरकुरणारा एक असतो, आणि डोक्यावरचा भारा खाली न ठेवता त्याचा गठ्ठा उचलणारं दुसरं कुणीतरी असतं. काठी पोकळ नव्हती, मंडळी. मीच उगाच घाबरत होतो.

आता एक काम उरलंय. या पिशवीत खिळे जुळवायची जुनी पट्टी आहे. दुपारी मी मागच्या खोलीत गेलो, शोभेच्या कपाटातले खिळे काढले. मालक, परवानगी न विचारता काढले. या छापखान्यातली माझी शेवटची ओळ जुळवली. पोरी, वर ये. ही घे, जपून धर, सांडतील. उलटी आहे, तुला लगेच वाचता येणार नाही. मीच वाचतो. चष्मा नको, हे एक वाचन मला बोटांनी येतं. वचनाच्या खाली आता हे छापायचं, 'डोंगरातली एक मुलगी, वाट चुकलेल्या माणसाला'. आणि पत्ता हवा असेल तर पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी खुर्ची. साक्ष, तारीख, वार, सगळं ती सांगेल. तिला सगळं आठवतं, हा माझ्या संसाराचा अनुभव आहे.

आता आवरतं घेतो. ज्या संस्थेनं मला उलटं आणि सुलटं दोन्ही वाचायला शिकवलं तिचे आभार. सरांचे आभार, आणि त्यांच्या लेखातल्या त्या भागाबद्दल पुन्हा एकदा कान पकडतो. यंत्रावरच्या मित्रांचे, बांधणीतल्या भगिनींचे आभार. हे स्मृतिचिन्ह बदलून देऊ नका. पितळेवरची चूक दुरुस्त होत नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्यानं निवृत्त होताना आपली स्वतःची एक चूक घरी न्यावी, हे ठीकच आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर शेवटचं प्रूफ समजून समासात खूण करा आणि मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि पोरी, तिकीट रद्द कर. गुरुवारी आईला घेऊन दवाखान्यात जा. त्यांच्या डोळ्यावरची पट्टी सोडली की मला निरोप पाठव, मी हिला घेऊन येईन. आईला म्हणावं, डोळे उघडा, प्रवासी सापडला. वाट दाखवणारीसकट.

नमस्कार.